बहिऱ्या जॉबरच्या हाती इंजिनचा स्टेथोस्कोप

इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षं मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मेस्त्री होतो. धोट्याच्या आवाजावरून माग कुठं दुखतोय ते सांगायचो. त्याच मागांनी कान खाल्ले. डाव्या कानाला आता दारावरची बेलही ऐकू येत नाही. त्यामुळं आमच्या २००६ च्या मारुती ८०० ला घुरघुर लागली, ती आधी नातीनं ऐकली.

एका गॅरेजवाल्यानं टायमिंग बेल्टवर बोट ठेवलं. दुसरा म्हणाला, क्रँकचं बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल, पंचवीस हजार धरून चला. अहो, गाडीच तेवढ्याची नाही! मग सव्वातीनशे रुपयांना हा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मागवला. दिसायला डॉक्टरांच्यासारखाच, फक्त छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी लांब पोलादी सळई. "गाडीला ताप आलाय का बघताय?" इति सौ.

पहिल्या दिवशी काही कळलं नाही. सळई कुठंही टेकवा, गोंगाटच. लोखंडातून आवाज इकडचा तिकडं पळतो. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावर, टकटक ऐकून छातीत धस्स झालं, पण थोडी टकटक धडधाकट इंजिनातही असतेच. हे यंत्र आवाज मोठा करून देतं, चांगला की वाईट ते सांगत नाही. म्हणून मेहुण्याची ८०० शेजारी उभी केली आणि दोन्ही गाड्यांवर त्याच त्या जागा आलटून पालटून ऐकल्या. वॉटर पंपावर दोन्हीकडं सारखीच गुणगुण. डायनामोवर मात्र फरक पडला (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर हो, पण आमच्याकडं डायनामोच म्हणतात). त्याच्या गाडीत नुसता सूं, माझ्या गाडीत जात्यात खडा अडकल्यासारखी खरडखरड.

खात्री करायला डायनामो फिरवणारा फॅन बेल्ट उतरवला आणि इंजिन चालू केलं. अर्धा मिनिटच, कारण इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. नात ओरडली, "आजोबा, गेला आवाज!" म्हणजे इंजिनच्या पोटात काही नव्हतं. डायनामोवाल्यानं दोन बेअरिंगं बदलली, मजुरीसकट साडेनऊशे घेतले.

आता खोड्या. रबरी नळी फार लोंबते. चालू पट्ट्याजवळ वाकताना ती दुसऱ्या हातानं धरावीच लागते, आणि रेडिएटरचा पंखा विजेवरचा, न सांगता सुरू होतो. दुसरं म्हणजे, चढावर गाडी ओढताना येणारा ठोका उभ्या गाडीत येतच नाही, तिथं या सळईचा उपयोग शून्य. आणि कान शाबूत असतील तर पैसे घालवूच नका. जुने मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून हेच काम करतात. मला मात्र त्या मुठीतून काही पोचत नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण गेल्या रविवारी नवीनच किणकिण ऐकू आली. टॅपेट, मॅनिफोल्ड, सगळं तपासलं, पाऊण तास गेला. शेवटी इंजिन बंद केलं तरी किणकिण चालूच. सळई ज्या डबीत बसते, तिथले तिचेच आटे ढिले झाले होते.