घरी बिअर बनवायची तर इंग्लिश बिटर की अमेरिकन पेल एल?

दोन्हींचा पाया एकच, जवाचं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे. चव मात्र पार वेगळी.

20 लिटर बिटरला साधारण साडेतीन किलो मॅरिस ऑटर (इंग्लिश जवाचं मुख्य मॉल्ट) आणि पाव किलो क्रिस्टल मॉल्ट (टॉफीसारखं गोडसर) लागतं. मॅश (गरम पाण्यात मुरवलेलं मॉल्ट) 67-68 अंश सेल्सिअसला ठेवला की न आंबणारी साखर जास्त उरते, म्हणून अल्कोहोल जेमतेम पावणेचार टक्के असूनही बिअर पाणचट लागत नाही. बिस्किट, टॉफी आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज या इंग्लिश हॉपचा (हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारं फूल) मातकट, फुलांचा वास. फ्रीजमधून काढून लगेच ओतली तर यातलं निम्मं कळतच नाही.

पेल एलला मॉल्ट साडेचार किलोच्या पुढे, मॅश थोडा खाली, 65-66 ला, आणि सगळी मिजास कॅस्केडची. 1972 मध्ये बाजारात आलेला हा अमेरिकन हॉप ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा दरवळतो, पण उकळीच्या शेवटी टाकला तरच. तासभर उकळला की सुगंध उडतो, उरतो नुसता कडवटपणा. म्हणून रेसिपी निवडताना मी हॉपचं नाव नंतर वाचतो, आधी तो टाकायची वेळ बघतो.

लांबलेल्या गप्पांना माझं मत बिटरला. मंडळी आयपीएवाली (जास्त हॉपची, कडवट बिअर आवडणारी) असतील तर मात्र ती त्यांना मिळमिळीत वाटणार; तिथे पेल एलच करा, आणि ताजी असतानाच संपवा.