घरात दोन लाइनी, पाच जागी फोन: कॉर्डलेस घ्यावा की छोटा ईपीएबीएक्स?

खाली ऑफिस आणि वर घर अशी रचना आपल्या सावदा-रावेर भागात केळीच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांची असते. एक नंबर धंद्याचा, एक घरचा, आणि दोन्ही नंबर सगळ्या मजल्यांवर घेता यायला पाहिजेत पण एकमेकांच्या पायात यायला नकोत. मोबाईल असताना हे कशाला, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मधल्या खोलीत बसून मोबाईलवर बोलून दाखवावं. मातीची भिंत दीड हात जाड, खिडकी नाही. शिवाय बाहेरगावच्या पार्ट्यांच्या वहीत अजून लँडलाइनचाच नंबर लिहिलेला आहे, तो कोण बदलवणार.

सगळ्यात स्वस्त म्हणजे टू-लाइन सेट. मागे दोन सॉकेट, समोर होल्डचं बटण, संपलं. एकाच मजल्याचं घर असेल तर याच्यापुढे जाऊच नका असं मी म्हणेन. मजले असले की मात्र कॉल होल्डवर टाकून जिन्यातून ओरडावं लागतं, "भाऊ, दोन नंबरवर घ्या!" आणि एप्रिल-मेमधे प्रत्येक खोलीत कूलर घरघरतोय, कोणाला ऐकू जाणार. त्यात सगळे सेट पॅरलल, म्हणजे वरच्या मजल्यावर कोणी रिसिव्हर वाकडा ठेवला की ती लाइन दुपारभर डेड. फायबर घेतलेल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या डब्याच्या, फोन पोर्टला बऱ्याचदा तेवढा जोर नसतो, चार-पाच जुने सेट एकाच पोर्टवर पॅरलल लावले की घंटी वाजते न वाजते असं होतं.

म्हणून खरी निवड कॉर्डलेस आणि ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी घरातल्या फोनांना वाटून देणारं छोटं एक्स्चेंज मशीन, यांच्यातच आहे. दोन्ही आमच्या घरात वापरून झालेत.

कॉर्डलेसचं, म्हणजे डेक्टवाल्याचं, कौतुक करायलाच पाहिजे. भिंत फोडायची नाही, केसिंग पट्टी नाही, एका बेसवर चार-सहा हॅन्डसेट चालतात, आपसात इंटरकॉम फुकट, आवाज एकदम स्वच्छ. खळ्यात गाडी भरली जात असताना हातात फोन घेऊन क्रेट मोजता मोजता बोलता येतं हे सुख वायरच्या फोनमधे नाही. खोक्यावर रेंज आत ५० मीटर आणि मोकळ्यात ३०० मीटर लिहिलेली असते, ती मोकळ्यातली जवळपास मिळतेही. आतली मात्र तुमच्या भिंतींवर आहे, आमच्याकडे एक स्लॅब आरामात पार व्हायचा पण स्लॅब अधिक मातीची भिंत म्हटलं की खरखर. रिपीटर लावून तेही जमतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे दुकानात मी बघितलेले बहुतेक मॉडेल सिंगल लाइनचे, दोन नंबर असले तर दोन बेस, मग प्रत्येक खोलीत दोन-दोन हॅन्डसेट, आणि कुठला वाजतोय ते बघत बसा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला कंटाळा आणला तो हॅन्डसेट कधीच जागेवर नसण्याने. फोन वाजतोय, सगळीकडून वाजल्यासारखा वाटतोय आणि हातात एकही सापडत नाही. वहिनी बिबडे घालायला गच्चीवर घेऊन गेल्या, तिथेच खाटेखाली राहिला, दुपारचं ऊन त्याने खाल्लं. पोरांनी इंटरकॉम-इंटरकॉम खेळून गादीत कोंबला. रात्री कोणी चार्जिंगला ठेवलाच नाही. आता बेसवर हॅन्डसेट शोधायचं बटण असतं, ते दाबलं की हरवलेला सेट वाजतो, पण कधी? त्याच्यात बॅटरी असेल तेव्हा. आणि हरवलेल्या सेटची बॅटरी तर उतरलेलीच असते ना भो! आई वैतागून म्हणायची, "कायले आनला रे तो फिरता फोन, सापडत तं नाही कधी." ज्यांच्या घरात माणसं कमी आणि शिस्त जास्त त्यांना हा त्रास होणारही नाही, ते मान्य.

ईपीएबीएक्सचा फोन भिंतीवर असतो. रात्री दोनला वाजला तरी अंधारात हात तिथेच जातो. आम्ही घेतला तो छोटा, बाजारात ज्याला ३०८ म्हणतात तो, तीन पी अँड टी, म्हणजे बाहेरच्या, लाइनी आत आणि आठ एक्स्टेंशन. ऑफिसचा नंबर वाजला तर फक्त खालच्या दोन फोनवर, कोणी उचलला नाही तर वर, असं लावून घेता येतं. फ्लॅश दाबून एक्स्टेंशनचा नंबर, कॉल भावाच्या खोलीत, ओरडणं बंद. मला तरी घराला ह्याची शिस्त लागली असं वाटतं.

कटकटी आहेत. वायरिंग आलं, घर बांधतानाच पाइप टाकला असेल तर ठीक नाहीतर पट्ट्या दिसतात. काही मॉडेलमधे कॉलर आयडीचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर नंबर दिसला नाही तर नंबर पाठवायची पद्धत डीटीएमएफ की एफएसके ते टेक्निशियनकडून जुळवून घ्या. बाहेरच्या लाइनसाठी आधी एक आकडा दाबायचा असतो, तिथे शून्य ठेवू नका, नऊ ठेवा. कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लागतोच, मग म्हाताऱ्या माणसाला शून्य दाबून परत शून्य दाबा हे समजावणं म्हणजे कठीण काम. काही सिस्टीममधे रिसिव्हर उचलला की सरळ बाहेरची लाइन मिळेल असं सेटिंग असतं, आईच्या खोलीसाठी तेच मागा.

लाइटचं दोघांनाही लागू आहे. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट जाताना जो झटका बसतो तेवढ्यात बेस किंवा मशीन बंद होऊन चालू कॉल तुटू शकतो, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. बऱ्याच ईपीएबीएक्समधे वीज पूर्ण गेली की पहिली लाइन आपोआप एका ठरावीक फोनला सरळ जोडली जाते, कॉर्डलेसमधे ही सोय बघितली नाही. फक्त लाइन फायबरची असेल तर ओएनटीलाही करंट पाहिजे, नाहीतर त्या सोयीचा काही उपयोग नाही. आणि खळ्यापर्यंत उघडी वायर ओढली असेल तर वळवाच्या विजांआधी सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग करून घ्या, त्यात काटकसर नको.

खळ्यात फिरत बोलायचंच असेल तर ईपीएबीएक्सच्या एका एक्स्टेंशनवर साधा सिंगल लाइन कॉर्डलेस लावता येतो. आमच्याकडे तो एकच ठेवलाय. हरवला तर हरवला, कॉल बाकीच्या फोनवर येतोच. टेक्निशियन जायच्या आधी कुठलं एक्स्टेंशन कुठल्या खोलीत आणि प्रोग्रामिंगचा पासवर्ड काय हे कागदावर लिहून मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवून घ्या, तो माणूस परत फोन उचलेल याची खात्री नाही.