सीडी ड्राइव्ह स्लो झाला म्हणून दुकानात गेलो अन् ३,६५० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

मी सेलूचा. घरी एक जुना पीसी आहे, २००९ ला घेतलेला, विंडोज एक्सपीवाला. आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच येत नाही म्हणून तो ठेवलाय. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या अन् गावातल्या भजनी मंडळाची भजनं काकांनी कॅसेटवर भरून ठेवलती, नंतर त्याच्या ऑडिओ सीड्या करून घेतल्या, एकूण ११. काका गेले, आजी त्याच्या आधीच गेली, कॅसेटला बुरशी लागली. म्हणजे आता जे काय आहे ते या ११ सीड्यांवरच आहे, त्या पण पत्र्याच्या पेटीत, अन् आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. म्हणून ठरवलं की सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं.

पहिल्या तीन सीड्या मस्त झाल्या, एकेक आठ-दहा मिनिटांत. चौथ्या नंबरच्या सीडीवर मोठा ओरखडा होता, तिथं ड्राइव्ह घरघर करत अडकला, मी दोन-तीन वेळा ट्राय केलं अन् सोडून दिलं. मग पाचवी टाकली, ती एकदम स्वच्छ, तरी स्पीड १.८ एक्स, म्हणजे गाणं वाजायच्या वेगाच्या जेमतेम १.८ पट, दाखवायला लागला. ७० मिनिटाच्या सीडीला पाऊण तास. वरून रिप (सीडीवरचं कॉम्प्युटरवर घेणं) चालू असताना माऊस अडखळायचा, दुसरं काहीच करता येईना. मला वाटलं ड्राइव्ह गेला.

परभणीला एक रिपेअरिंगचं दुकान आहे, नाव लिहीत नाही. पीसीचा डबा एसटीत घालून नेला, सोबत नमुना म्हणून ती चार नंबरची सीडी नेली. इथंच माझं चुकलं, अन् त्याचं फावलं. त्यानं माझ्या ड्राइव्हमधे माझी ओरखडेवाली सीडी टाकली. अर्थातच स्लो. मग ड्राइव्हवर लिहिलेलं ५२ एक्स दाखवलं अन् म्हन्ला, "बघा काका, ५२ चा आहे अन् २० च्या वर पण जाईना, मोटर बसली." मग आतून "नवीन" ड्राइव्ह आणला, जोडला, अन् त्यात त्याच्या ड्रॉवरमधली चकचकीत गाण्याची सीडी टाकली. चार मिनिटांत पूर्ण सीडी रिप. मी समोर उभा राहून बघितलं, मला वाटलं झालं, यापेक्षा जास्त पुरावा काय पाहिजे.

दोन ड्राइव्ह अन् दोन वेगळ्या सीड्या! माझीच सीडी नवीन ड्राइव्हमधे टाका म्हणलो असतो तर तो पण तसाच घरघरला असता. अन् ते ५२ चं पण आता कळलं, ५२ एक्स हा स्पीड फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला मिळतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, ड्राइव्ह एकाच वेगानं फिरतो, त्यामुळं सुरुवातीला चांगला ड्राइव्ह पण २०-२२ च दाखवतो अन् हळूहळू वाढत जातो. म्हणजे २० दिसणं ही बिघाडाची खूण नाहीच.

१,४५० रुपये घेतले. बिल मागितलं तर कार्डाच्या मागं पेनानं "डीव्हीडी रायटर, ६ महिने" असं लिहून दिलं. जुना ड्राइव्ह मागितला तर म्हन्ला तो भंगारात जातो, एक्स्चेंजमधे धरलाय.

घरी आलो, आठ दिवस छान चाललं, पाच ते आठ नंबरच्या सीड्या झाल्या. मला वाटलं नवीन ड्राइव्ह चांगला आहे तर चार नंबर पण वाचेल, म्हणून ती परत टाकली. परत तीच घरघर, अन् त्यानंतर परत १.८ एक्स. परत परभणी. या वेळेस म्हन्ला की मदरबोर्डचा कंट्रोलर गेलाय, तोच ड्राइव्ह खातोय, बोर्ड हैदराबादहून मागवावा लागतो, २,००० ॲडव्हान्स द्या. दिले. वरून म्हन्ला, तोपर्यंत उरलेल्या सीड्या मीच पेनड्राइव्हवर कॉपी करून देतो, एका सीडीचे ५० रुपये. उरलेल्या चारही सीड्या पिशवीत होत्याच. चार सीड्या त्यानं दोन मिनिटांत केल्या. मला चालवून पण दाखवलं, पेनड्राइव्हमधल्या ट्रॅकवर क्लिक केलं अन् आजीचा आवाज आला. बाजूला चहा देणारा पोरगा पण थांबून ऐकायला लागला. माझ्या डोळ्यात पाणी आलं अन् मी २०० रुपये देऊन निघालो.

घरी मुलीच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला तर एक पण ट्रॅक वाजेना. फाइली दिसायल्यात, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, पण सगळ्या मिळून दोन-तीन केबी सुद्धा नाही. ऑडिओ सीडीत खरं म्हणजे फाइल नसतेच, विंडोज आपल्याला जे .सीडीए दाखवतं ती ४४ बाइटची नुसती खूण असते, हा ट्रॅक सीडीवर इथं आहे एवढंच सांगणारी. ती कॉपी केली तर गाणं येत नाही. त्याच्याकडं वाजलं कारण त्या वेळेस ड्राइव्हमधे सीडी होती! एका मिनिटाचा ऑडिओ दहा एमबीच्या आसपास असतो, एमपी३ केला तरी मिनिटाला एक एमबी धरा. कुणाकडून पण सीडी कॉपी करून घेतली तर दुकान सोडायच्या आधी सीडी बाहेर काढायला लावा अन् मग वाजवून बघा, साइज पण बघा.

त्याच आठवड्यात बहिणीचा मुलगा पुण्याहून आलता. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "मामा, माऊस पण अडखळतो का?" हो म्हणल्यावर सरळ डिव्हाइस मॅनेजर उघडलं, त्यात आयडीई एटीए कंट्रोलर, त्यात सेकंडरी आयडीई चॅनल (आमचा सीडी ड्राइव्ह ज्यावर आहे तो), प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. करंट ट्रान्सफर मोडपुढं लिहिलतं पीआयओ मोड. त्यानं सांगितलं की डीएमए मोडमधे सीडीवरचा डेटा सरळ मेमरीत जातो, पीआयओमधे प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, म्हणून सगळा पीसीच दमतो. अन् एक्सपीची पद्धत अशी की ड्राइव्हकडून सहापेक्षा जास्त वेळा टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत डेटा आला नाही, की तो डीएमए बंद करून पीआयओवर आणून ठेवतो, मग नंतर स्वच्छ सीडी टाकली तरी परत आपोआप वर नेत नाही. आमची चार नंबरची सीडी, दुसरं काही नाही! ड्राइव्ह बदलल्यावर आठ दिवस का चाललं, तर विंडोजनं नवीन डिव्हाइस म्हणून परत डीएमए चालू केलतं, चार नंबर टाकली की परत बंद.

उपाय काय केला, तर त्या सेकंडरी चॅनलवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, रिस्टार्ट. विंडोजनं चॅनल स्वतःच परत शोधला, मोड अल्ट्रा डीएमए २ झाला, अन् नऊ नंबरची सीडी सहा मिनिटांत. बोर्ड नाही, ड्राइव्ह नाही, एक रुपया नाही. कुणाचं असंच होत असेल तर पहिल्यांदा हे बघा, अन् रिप करायच्या सॉफ्टवेअरमधे एरर करेक्शन किंवा सिक्युअर मोडची टिक आहे का ते पण बघा, ती असली की प्रत्येक तुकडा दोनदा वाचला जातो, स्पीड अर्ध्यावर येणारच, त्यात बिघाड काही नाही. अन् ती टिक चांगल्या कामाचीच आहे, घाई नसेल तर राहू द्या.

मग त्यानं तो "नवीन" ड्राइव्ह खोलून बाहेर काढला. वरच्या लेबलवर बनवल्याची तारीख ऑगस्ट २००७. स्क्रूच्या भोकांभोवती रंग उडालेला, ट्रेच्या खाचेत काळी धूळ बसलेली. माझा जो भंगार म्हणून ठेवून घेतला तो याच्यापेक्षा दोन वर्षांनी नवीन होता अन् चांगला चालू होता, तो आता कुणाच्या तरी डब्यात नवीन म्हणून बसला असेल. माझ्या पीसीला रुंद पट्टीवाली आयडीई केबल लागते, दुकानात आता नवीन मिळतात ते साटाचे, म्हणजे बारीक केबलवाले. आयडीईचा कुणी नवीन म्हणून दिला तर लेबलवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

तिसऱ्यांदा गेलो, भाच्याला घेऊन. दुकानदारानं आधी आवाज चढवला, मग बिल कुठंय म्हन्ला. बिल न देणं हेच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत येतं, हे भाच्यानं त्याला तोंडावर सांगितलं अन् १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तिथंच उभं राहून फोन लावला. ॲडव्हान्सचे २,००० मी मोबाइलवरून पाठवलते, त्याची नोंद होती, ते त्यानं फोन चालू असतानाच परत केले. १,४५० अन् २०० कॅश दिलते, ते नाही म्हन्ला. जुना ड्राइव्ह पण नाही. तक्रार नोंदवलीये, कार्डाचा फोटो जोडलाय. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते अन् पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळं मी सोडणार नाही.

चार नंबरची सीडी आम्ही साध्या पाण्यानं धुतली, मऊ सुती कपड्यानं मधून कडेकडं पुसली, गोल गोल नाही, गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं जातो अन् जास्त नुकसान होतं. रात्रभर सिक्युअर मोडवर लावून ठेवली. बारापैकी नऊ ट्रॅक आले. उरलेल्या तिघांवर ओरखडा लेबलच्या बाजूनं आहे, चांदीचा थर तिकडूनच खरवडला गेलाय, ते पुसून येत नाही. त्यातल्या एका ट्रॅकमधे आजी जातं थांबवून काकाला विचारते, "झालं का रे भरून?" तेवढं अर्धं वाक्य आलंय.