सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट: फी जास्त, पण काम चोख

आमची डोंबिवलीची इमारत तीस वर्षांची झाली, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजेच इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक. कमिटीचा कल स्वस्तातल्या कोटेशनकडे होता. मी अडून बसलो. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, त्याचंही ऑडिट झालेलं होतं आणि अहवालात फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती!

ज्या इंजिनियर बाईंना काम दिलं, त्यांनी पहिल्याच भेटीत याच पुलाचा विषय काढला. वरून रंग बघून आतल्या सळईचं काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या थेट डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत शिरल्या. संडासाच्या पाइपामागचा कॉलम (खांब). तिथे प्लंबरशिवाय कुणी फिरकत नाही. प्लास्टर काढून काँक्रीट फोडलं आणि त्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं; काँक्रीट अल्कधर्मी असेल तर हे रसायन गुलाबी होतं. खोलवरचा भाग गुलाबी झाला, सळईभोवतीचा मात्र राखाडीच राहिला. म्हणजे तिथला अल्कधर्मी गुण संपलाय, सळईला गंजापासून संरक्षण उरलेलं नाही. हे त्यांनी सभासदांना बोलावून समोर दाखवलं, तेव्हा खर्चावरून कुरकुरणारेही गप्प झाले.

हॅमर (हातोडीसारख्या उपकरणाने काँक्रीटचा कठीणपणा बघणारी) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतला भाग तपासणारी) चाचण्याही झाल्या. अहवाल उशिरा आला, तोही इंग्रजीत. मराठी गोषवारा मागून घ्यावा लागला. पण प्रत्येक कॉलमला नंबर, फोटो आणि कुठलं काम आधी करायचं ते स्पष्ट. गच्चीवरची जादा टाकी त्यांनी लगेच उतरवायला लावली.

तुम्ही कुणालाही काम द्या, पण कुठल्या चाचण्या, कुठल्या कॉलमवर, हे कोटेशनमध्येच लेखी घ्या.