उन्हाळी भू-राजकारण: हेग की जिनिव्हा?

दोन-तीन आठवडे वसतिगृहात राहून जगाचं राजकारण शिकायचं, तर युरोपातली ही दोन शहरं हटकून समोर येतात. दोन्हीकडे शेंगेन व्हिसा, दोन्हीकडे खिशाला भोक. जिनिव्हाचं जरा मोठं.

हेगमध्ये सगळं पीस पॅलेसभोवती फिरतं. इमारत १९१३ची. आत आंतरराष्ट्रीय न्यायालय, आणि १९२३पासून आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या हेग अकादमीचे उन्हाळी वर्गही याच आवारात. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ला १५ विरुद्ध १ असा निकाल लागला, तो इथेच. (भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे आपल्या नागपूरचे. फी एक रुपया!) फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या दक्षिण चीन समुद्राच्या वादाची सुनावणीही याच इमारतीत झाली. २०१६चा तो निवाडा चीनने मानलाच नाही. कायद्याचा हात कुठवर पोहोचतो, हे वर्गापेक्षा रात्री जेवणाच्या टेबलावर जास्त कळतं, समोर एक फिलिपिनो आणि एक चिनी सहाध्यायी बसलेला असला की.

जिनिव्हात कलमं कमी, सौदेबाजी जास्त. जागतिक व्यापार संघटना, आरोग्य संघटना, मानवाधिकार परिषद, सगळं ट्राम-बसच्या टप्प्यात. देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांवरची अपिलं ऐकणारं व्यापार संघटनेचं अपील मंडळ मात्र डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या नेमणुका होऊच देत नाही. हॉस्टेलवर मिळणारा ट्राम-बसचा फुकट पास तेवढा चालतो.

कायदा शिकलेल्यांनी डोळे झाकून हेग धरावं. अर्थशास्त्र, पत्रकारितावाल्यांना जिनिव्हा, त्यातून कामापुरती फ्रेंच येत असेल तर दुधात साखर. मी? हेगच.