नौपाड्यातलं होमिओपॅथी दुकान: माल चोख, पत्रक कच्चं

गोखले रोडला लागून असलेल्या गल्लीतलं छोटं दुकान, पण माल नीट ठेवलेला. बाटल्या उन्हात नाहीत, कापूर-अत्तराच्या शेजारी नाहीत. डायल्यूशन (अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं औषध) सीलबंद ३० मिलीचंच देतात आणि ते बरोबर आहे: १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथी औषध किरकोळीत याहून मोठ्या बाटलीत विकायला नियमाने बंदी आहे. लेबलवर पोटन्सी (औषध किती वेळा पातळ केलं तो आकडा) आणि अल्कोहोलचं प्रमाण वाचून घ्या.

गोळ्या समोरच भिजवून देतात. २ ड्रॅमची (ड्रॅम हे बाटलीचं माप) बाटली, पाऊण भरून ३० नंबरच्या (हा गोळीचा आकार) साखरेच्या गोळ्या, वरून पाच-सहा थेंब, बूच लावून उलटसुलट. तळाला ओल उरली तर परत द्या. पावसाळ्यात गोळ्यांचा लाडू झाला तर गुन्हेगार पाणी समजा. तीव्र अल्कोहोलमध्ये साखर जवळपास विरघळत नाही. म्हणूनच कमी अल्कोहोलचं डायल्यूशन गोळ्यांवर टाकत नाहीत.

तक्रार आहे ती काउंटरवरच्या पत्रकाबद्दल. "पाण्याची स्मृती" (म्हणजे औषधाचा रेणू उरला नाही तरी पाणी त्याची आठवण ठेवतं) आणि "आयआयटीने सिद्ध केलं", दोन्ही एका दमात.

आधी हिशोब. १ भाग औषध, ९९ भाग अल्कोहोल, मग बाटलीला झटके: हे झालं १ सी. हे १२ वेळा केलं की १२ सी, म्हणजे औषध पातळ झालं १ वर २४ शून्यं इतक्या पट. एका मोलमध्ये (रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं माप) रेणू ६.०२२ × १०^२३. म्हणजे १२ सीलाच एखादा रेणू उरला तर नशीब, आणि लोक मागतात टू हंड्रेड, म्हणजे २०० सी! तिथे १ वर ४०० शून्यं.

मग स्मृतीचा आधार. इतकं पातळ केलेलं द्रावणही परिणाम करतं असं सांगणारा फ्रेंच शास्त्रज्ञ बेन्व्हेनिस्त यांचा प्रयोग १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच नियतकालिकाच्या पथकासमोर, कुठली नळी कशाची हे झाकून केल्यावर परिणाम गायब. पाण्यातली हायड्रोजन बंधांची ठेवण ५० फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) आत पुसली जाते. त्यात गोळीवर पडतो तो बहुतांश अल्कोहोल, तोही थोड्या वेळात उडून जातो. आठवण ठेवणार कोण, साखर?

आता आयआयटी. पवईच्या आयआयटीचा २०१० चा अभ्यास खरा आहे. सोनं, तांबं, जस्त वगैरे धातूंच्या ६ सी, ३० सी आणि २०० सीमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या धातूंचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) दिसले. झटक्यांनी येणाऱ्या फेसाला चिकटून कण पुढच्या पातळीत जातात, असं नंतरचं स्पष्टीकरण. पत्रकात नसलेली गोष्ट ही की कणांचं प्रमाण तिन्ही पोटन्सींत फारसं वेगळं नव्हतं. मग थर्टी सौम्य आणि टू हंड्रेड कडक कशाच्या जोरावर? शिवाय कण सापडणं वेगळं, त्यांनी शरीरात काही करणं वेगळं. वनस्पतीच्या औषधांबद्दल तर तो अभ्यास बोलतच नाही.

क्यू (पातळ न केलेला मूळ अर्क) आणि ३ एक्सच्या (दहापट पातळ, तीन वेळा) वेळी मात्र सावध राहा. ३ एक्स म्हणजे हजारात १ भाग, खरा पदार्थ. मूळ द्रव्य आर्सेनिक किंवा बचनागासारखं असेल तर मनाने घेऊ नका. दम्याचा पंप या गोळ्यांच्या भरवशावर बंद करू नका.

दुकानाला ५ पैकी ४, पत्रकाला १.