वरोरा–वणी रस्त्यावर विकायला असलेली काळी कूप: १९३४ च्या फोर्डची नक्कल कितपत जमली?

वरोरा–वणी रस्त्यावरच्या एका गॅरेजात १९३४ च्या फोर्ड थ्री-विंडो कूपची (दोन दारांच्या बंद छताच्या गाडीची) हॉट रॉड नक्कल, म्हणजे जुन्या गाडीचा कापून-बदलून केलेला शौकाचा अवतार, विकायला उभी आहे. काळा रंग, मागची चाकं रुंद, छत तीन इंच कापून बसकं केलेलं. मागणी साडेआठ लाखांची. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने फिरवता येईल, असं सांगून ती विकली जाते आहे. मन लावून केलेलं काम आहे, हे बघताक्षणी कळतं. तरीही या भावात ती घेऊ नये. कारणं दोन: बोनेटखालची उष्णता आणि आरसी बुक.

आधी नक्कल कशी उतरली ते पाहू. १९३३ च्या फोर्डमध्ये बोनेटच्या बाजूच्या फटी वळणदार होत्या आणि ग्रिलला बाक होता. १९३४ मध्ये फटी सरळ झाल्या, ग्रिल सपाट झाली आणि बोनेटच्या दर बाजूला एकाऐवजी दोन मुठी आल्या. इथे या तिन्ही गोष्टी १९३४ च्याच आहेत. दारंही मुळाप्रमाणे मागच्या कडेला बिजागरी लावलेली, म्हणजे पुढून उघडणारी. कमी पडलं ते लांबीत. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ११२ इंच अंतर असतं, हिच्यात १०६ भरतं. हे सहा इंच पुढचं चाक आणि दार यांच्यामधून गेलेत, त्यामुळे बाजूने पाहिलं की नाक आखूड वाटतं. छायाचित्रं नेहमी समोरून काढलेली का असतात, त्याचं उत्तर इथे आहे.

मुळात फोर्डला ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन होतं, ८५ अश्वशक्तीचं. या गाडीत अ‍ॅम्बॅसेडर १८०० चं इसुझू पेट्रोल इंजिन आहे: १८१७ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं, पाच गिअर. शौकीन नाक मुरडतील, पण हा निर्णय शहाणपणाचा आहे. या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री आपल्याकडे आजही सापडतात आणि सुटे भाग नागपुरात मिळतात. परदेशी व्ही-८ चा एक गॅस्केट गेला तर गाडी तीन महिने ताडपत्रीखाली पडून राहील.

अ‍ॅम्बॅसेडरला वेगळी चॅसी (खालची फ्रेम) नसते, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. बॉडी कापली की ताकदही गेली. म्हणून इथे १०० बाय ५० मिलिमीटरच्या, चार मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची नवी फ्रेम बांधलीय, मध्ये इंग्रजी एक्सच्या आकाराचा आडवा जोड आहे. वेल्डिंग सलग आणि खोल उतरलेलं आहे. फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक तीन मिलिमीटरच्या आत असला पाहिजे आणि तो आहे. चूक स्टिअरिंगमध्ये आहे. अ‍ॅम्बॅसेडरचा रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) नव्या फ्रेमवर मूळ उंचीपेक्षा वर बसवलाय, त्यामुळे चाक धरणारे खालचे आर्म आणि चाक वळवणारे टाय रॉड समांतर राहिले नाहीत. खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप बाजूला ओढते. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात खचतात. अशा लाटांवर साठच्या वेगाला हा दोष घाबरवतो. रॅकचे ब्रॅकेट कापून खाली घ्यावे लागतील. काम दोन दिवसांचं आहे, पण न करून चालणार नाही.

बॉडी फायबरग्लासची. काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. छतावर आणि मडगार्डला तीन थर आहेत, तेवढे पुरतात. दारांना मात्र चार-पाच थर आणि आतून लोखंडी चौकट हवी, कारण सगळं वजन दोन बिजागऱ्यांवर लटकतं. इथे चौकट आहे, पण बिजागरीच्या खांबामागे लोखंडी पट्टी दिलेली नाही. डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आत्ताच दिसते. रंगाखाली पुट्टी भरून ती दडत नाही, पुन्हा उमटते. शिवाय काळा रंग. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातला काळा पत्रा किंवा फायबर त्याच्या कितीतरी वर तापतं. साधं पॉलिएस्टर रेझिन अशा तापात आणखी आकसतं आणि आतल्या मॅटची जाळी रंगावर उमटते. बॉनेटवर तिरप्या उजेडात ही जाळी आताच दिसू लागली आहे. क्रीम किंवा फिकट हिरवा रंग असता तर गाडी दहा वर्षं सुंदर राहिली असती.

फायबरमधून वीज जात नाही, ही गोष्ट वायरमनच्या ध्यानातून सुटते. लोखंडी गाडीत दिव्याची अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, बॉडीतूनच जाते. इथे दर दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला वेगळी काळी वायर फ्रेमपर्यंत न्यावी लागते. या गाडीत मागचे दोन्ही दिवे एकाच स्क्रूवर अर्थ केलेत. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो तो त्यामुळे.

आता उष्णता. वरात ताशी तीन-चार किलोमीटरने सरकते, म्हणजे चालत्या गाडीला जी हवा मिळते ती शून्य. सगळा भार पंख्यावर. १९३४ ची ग्रिल खाली निमुळती होत जाते, तिच्या मागे नळ्यांच्या दोन ओळींचा अरुंद रेडिएटर आणि बारा इंची एक विजेचा पंखा आहे. पंख्याभोवती आवरण नाही, त्यामुळे तो रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे राहतात. दुपारी उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवलं की वीस मिनिटांत काटा लाल रेघेला टेकतो. तीन ओळींचा रेडिएटर, चौदा इंची पंखा आणि रेडिएटरची पूर्ण चौकट झाकणारं पत्र्याचं आवरण, हे तिन्ही एकत्र हवेत. आधीचा अल्टरनेटर (गाडीत वीज तयार करणारं यंत्र) हेडलाइट आणि मोठा पंखा दोन्ही ओढू शकत नाही, तोही बदलावा लागेल. थर्मोस्टॅट (इंजिन थंड असताना पाणी अडवणारी झडप) काढून टाकणं हा इलाज नव्हे. गरम झाल्यावर तो तसाही पूर्ण उघडा असतो; अडचण पाण्याची नाही, हवेची आहे. आणि बोअरचं पाणी कधीच भरू नका. त्यातल्या क्षारांनी नळ्या दोन हंगामांत तुंबून जातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

दुसरी खोड याच तापातून आली आहे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपला जवळजवळ चिकटून नेलीय. गाडी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते, पंप ती वाफ ढकलू शकत नाही आणि गाडी सुरूच होत नाही, थंड झाली की निमूट सुरू होते. नळी किमान तीन इंच दूर न्यायची आणि मध्ये पत्रा द्यायचा.

आत जागा कमी आहे. छत कापल्याने सीटपासून छतापर्यंत ३४ इंच उरतात. फेटा आणि बाशिंग घातलेला नवरदेव मान वाकवून बसेल, आणि बाहेरच्यांना तो दिसणारही नाही. वरातीला उघडी गाडी लागते. पुढून उघडणाऱ्या दाराला दोन टप्प्यांचं लॉक हवंच, नाहीतर चालत्या गाडीत ते वाऱ्याने उलटं फिरतं. इथे एकाच टप्प्याची साधी कडी आहे. खिडक्यांना अ‍ॅक्रिलिक लावलंय, समोरची काच मात्र लॅमिनेटेड आहे. समोरचं ते बरोबर केलं.

कागदांचं सांगायचं तर आरसी बुकात अजून अ‍ॅम्बॅसेडर सलून लिहिलंय आणि चॅसी नंबरचा पत्रा जुन्या बॉडीतून कापून नव्या फ्रेमला जोडलाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा टिकणं अवघड. ‘व्हिंटेजमध्ये पासिंग करून देतो’ या शब्दावर विसंबू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे ती सोय पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना आहे, नक्कलेला नाही, आणि त्या गाड्याही भाड्याने चालवता येत नाहीत. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नंबरवर, लग्नाचं भाडं मारणं तर वेगळाच गुन्हा.

मग ही गाडी कोणाच्या कामाची? मंगल कार्यालयाच्या किंवा लॉनच्या फाटकाशी उभी करून छायाचित्रांसाठी, आवाराच्या आतल्या आत फिरवण्यासाठी, ट्रकवर चढवून प्रदर्शनाला नेण्यासाठी. त्या हिशेबाने फ्रेम, बॉडी आणि चालू इंजिन यांचे चार, फार तर साडेचार लाख होतात. सौदा करायला मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता जा, बोनेट बंद ठेवून अर्धा तास इंजिन चालू ठेवायला सांगा, मग बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवा.